झाडलेला बांध

रोहा,
१२ मार्च १९९८

ती. सौ. पुतळीआत्यास,
दिपिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र निडीला दादांकडे गेलं. तुझ्या भावाने ते आधी स्वतः वाचलं, शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, त्याच्यावर चहाचा डाग पाडला आणि मग मला दिलं. यापुढे रोह्याच्या पत्त्यावरच लिहीत जा.

आता मोठी बातमी. आमच्या निर्यात कंपनीच्या मुंबईच्या साहेबांना हॉलंडचं गिऱ्हाईक मिळालंय. त्यांना नुसते पापड नकोत, पाकिटावर ‘पेणच्या खारीतला पोह्याचा पापड’ असं नाव हवंय. म्हणजे भात तुमच्याच खारीतलं, खाडीच्या बांधाआतल्या शेतांतलं, पोहे तिथलेच आणि लाटणाऱ्या बायकाही तिथल्याच. पण नाव देण्याआधी त्यांची एक बाई गावात येऊन बघणार, की हा माल करताना जमीन, पाणी, झाडं यांची नासाडी तर होत नाही ना. भट्टीला जळण काय, शेताला खत कोणतं, सगळं विचारणार. त्याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पापडांचाच अभ्यास करायचा होता तर बी.एस्सी.ला एवढी वर्षं कशाला घातलीस, असं दादा विचारतात.

तुझा अमोल परवा इथे भेटला. कारखान्यात पाळ्या करून करून वाळलाय. ही ऑर्डर वर्षभर चालली तर कंत्राटावरची नोकरी सोडून घरी येईन आणि आईबरोबर धंदा बघेन, असं म्हणाला. तुला किती दिवस हेच हवंय, मला माहीत आहे.

बाई एप्रिलात येईल. तोवर गाव नीटनेटकं दिसू दे, कुठे कचरा नको, झुडपं माजलेली नकोत, एवढं तुमच्या पापडाच्या गटातल्या सगळ्यांना सांग. आतोबांना नमस्कार, किमयावहिनीला आठवण.

तुझ्या लोभाची हक्कदार,
दिपिका

पाटखार, ता. पेण,
८ एप्रिल १९९८

चि. दिपिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळव.

तुझं पत्र गटात मोठ्याने वाचलं. हॉलंड कुठे आलं यावरच सगळी दुपार गेली. विमलबाई म्हणाली की दुबईच्या अलीकडे. पोह्याच्या भट्टीचे सुलेमानभाई म्हणाले की नाय, लय पलीकडे, आमची पोरं पण तिथवर गेली नाय अजून. त्यांच्या भट्टीला लाकूड लागत नाही, भाताचं तूस जाळतात, हे लिहून ठेव. आणि शेताला खाडीचा गाळ मिळतो, दुसरं खत आम्ही कधी घातलंच नाही.

गावकीचीही बैठक झाली. चैत्रात देवीची पालखी बांधावरून उघाडीपर्यंत जाते, खाडीचं पाणी अडवायची दारं आहेत ना तिथपर्यंत. तेवढी वाट आपण दरवर्षी झाडतो. यंदा पाहुणी पुढे शेवटपर्यंत चालत जाणार, म्हणून पोरांनी पुढचाही बांध पालखीसारखाच झाडायचा ठरवला. बाहेरच्या, खाडीकडच्या चिखलात तिवराची झाडी नुसती माजली होती, त्यात पिशव्या अडकलेल्या, साप निघायचे. कोयते घेऊन सगळी साफ केली. आता बांधावर उभं राहिलं की थेट खाडी दिसते बघ. तिवराला हात लावू नका म्हणून तुझे आतोबा कुरकुरले. पण ते पालखीच्या ढोलाबद्दलही कुरकुरतात, तेव्हा कोण मनावर घेतो.

अमोल खरंच येईन म्हणाला का गो? की तुझ्या पदरचं घालून लिहिलंस? नवऱ्याची बातमी म्हणून किमया ते पत्र दोनदा मागून घेऊन गेली. घरात तरणा मुलगा असून सणालाच दिसावा, हे मला आता सोसत नाही.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

रोहा,
२२ एप्रिल १९९८

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाई खूश होऊन गेली! पापडाच्या लाट्या तेलात बुडवून तिने इतक्या खाल्ल्या की गाडीत माझ्याकडे पाणी मागत होती. तुसाची भट्टी आणि खताशिवायचं भात तिला फार आवडलं. बांधावर तिने तुझे आणि विमलबाईंचे फोटो काढले. बांध किती मोकळा आहे म्हणाली आणि मग विचारलं की बाहेरच्या अंगाला काहीच उगवत नाही का. मी पोरांना विचारलं. ते म्हणाले की सगळं साफ हाय, ताई. मी तसंच तिला सांगितलं.

आता लावणी झाली की मी एकदा येऊन भात बघायचं आणि ऑगस्टअखेर अहवाल पाठवायचा. मग नाव मिळालंच म्हणून समज. अमोलला मी हे सांगितलं तर त्याने मला चक्क भजी खायला घातली. तुझ्या चिक्कू लेकाने!

आतोबा फोटोला का आले नाहीत? रुसले असतील तर माझ्यातर्फे रुसवा काढ.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे,
दिपिका

पाटखार,
२७ जुलै १९९८

चि. दिपिकास,
अ. उ. आ.

पत्र लिहायला उशीर झाला. बातमीच तशी आहे.

अवसेच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला. उघाडीच्या पुढे, जिथलं तिवर तोडलं तिथेच खांड पडली. एरवी लाट तिवरात शिरली की तिचं बळ जायचं, यंदा ती सरळ बांधावर आदळत राहिली. गावाने पेंढा टाकला, पोती टाकली, माणसं उभी राहिली, काही उपयोग झाला नाही. सगळ्या खाचरांत खारं पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी रोपं वरून हिरवीच दिसत होती, मला वाटलं वाचलो. मग टोकं पिवळी पडली आणि भात बसलं ते बसलंच. जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. तुझे आतोबा रोज त्या खांडीजवळ जाऊन बसतात. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

आता मी सांगते ते नीट वाच. सुलेमानभाई म्हणतात की कर्जतकडचं भात आणतो आणि पोहे करून देतो, पापड खाणाऱ्याला काय बी कळायचं नाय. बायकांचंही तेच म्हणणं आहे. लाटणारे हात आमचे, ऊन आमचं, मग नाव का जावं? तू भात बघायला येऊ नकोस. एप्रिलात जे बघितलंस तेच लिही. अमोलने दिवाळीनंतर कामावर येणार नाही म्हणून तिकडे कारखान्यात सांगून टाकलंय. किमयाने त्याच्या कपड्यांसाठी फळी रिकामी केली. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही दिपिका, हे मागते.

तुझी,
आत्या

रोहा,
५ ऑगस्ट १९९८

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात घेऊन रडले. झुडपं माजलेली नकोत, हे माझंच वाक्य. पाहुणे येणार म्हणून घर आवरा म्हणतात तसं मी लिहून टाकलं. झाडी कसली आणि कुठली, हे मी विचारलंसुद्धा नाही. नंतर तू पत्रात स्वच्छ लिहिलंस, तेही मी हसत वाचलं.

तू म्हणतेस तेच आमचे साहेबही फोनवर म्हणाले. एप्रिलातली पाहणी पुरे झाली, भात कुठून आलं ते कोण बघतंय. त्यांनी पाकिटाचा नमुनाही पाठवलाय. त्याच्यावर तोच मोकळा बांध आहे आणि तुम्ही दोघी हसता आहात. इथपर्यंत मी कदाचित तुझं ऐकलंही असतं. पण साहेब आता हा फोटो खाडीकाठच्या बाकीच्या गावांना दाखवणार आहेत, की असा बांध ठेवा म्हणजे तुमच्याही मालाला नाव मिळेल. आत्या, तीही गावं कोयते काढतील गं. आपण काढलेच ना?

मी अजून काही ठरवलेलं नाही. काल अमोल जेवायला आला होता. बांध फुटल्याचं त्याला माहीत आहे, पण ऑर्डर जाईल हे त्याच्या मनातही नाही. दिवाळीनंतर पापडांसाठी टेम्पो घ्यायचं बोलत होता. मी त्याला भात वाढत राहिले. मला फार भीती वाटते आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव,
दिपिका

रोहा,
१२ सप्टेंबर १९९८

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. गणपतीलाही मी आले नाही, कारण तुझ्यासमोर उभं राहायचा धीर नव्हता.

मी तुझं ऐकलं नाही. तिवर तोडलं, बांध फुटला, यंदा खारीत भात नाही आणि हे सगळं माझ्या सूचनेवरून झालं, असं अहवालात लिहिलं. साहेब तो दाबून ठेवतील म्हणून एक प्रत त्या बाईलाही धाडली. साहेबांनी मला अद्याप काढलेलं नाही, पण माझ्याशी बोलतही नाहीत. तो फोटो मात्र कुठल्याच गावात गेला नाही. बाईचं उत्तर परवा आलं. जमीन गोडी होऊन तिवर पुन्हा उभं राहीपर्यंत नाव देता येणार नाही, तेव्हा परत येऊन बघू, असं तिने लिहिलंय.

अमोलला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर वाईट दिसलं असतं. तो ओरडला असता तर चाललं असतं. त्याने ताट बाजूला सरकवलं, चप्पल घातली आणि गेला.

तुझ्या घराचं दार मला बंद करू नकोस, एवढंच मागणं,
दिपिका

पाटखार,
२४ सप्टेंबर १९९८

चि. दिपिकास,
आशीर्वाद. आज ‘अनेक उत्तम’ लिहवत नाही, पण आशीर्वाद आहेत.

तू केलंस ते बरोबर केलंस, असं तुझे आतोबा म्हणतात. मी अजून म्हणत नाही.

विमलबाई आमच्या ओटीवर यायची बंद झाली. पुतळीच्या भाचीनेच गावाचं नाव घालवलं, असं बायका विहिरीवर मला ऐकू जाईल असं बोलतात. कोयते आपल्याच पोरांच्या हातात होते, असं मी त्यांना सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही. मीही तेव्हा बांधावर उभी राहून बघत होते आणि मला ते छान दिसलं होतं.

अमोल येऊन गेला. सुलेमानभाईंच्या मेहुण्याने त्याचं मस्कतचं जमवलंय, दसऱ्यानंतर जाईल. सणाला दिसायचा, आता तेवढाही दिसायचा नाही. किमया त्याच्यासमोर रडली नाही. त्या फळीवर तिने मसाल्याचे डबे ठेवले, तेव्हा मला रडू आलं.

खांड बुजवून झाली. पण बाहेर तिवर नसेल तर पुढच्या आषाढात पुन्हा तेच होणार. म्हणून तुझे आतोबा रोज ओहोटीला तिवराची रुजलेली बी गोळा करून चिखलात खोचतात. किमया त्यांच्याबरोबर जाते. गावातलं दुसरं कुणी येत नाही, पोरांनाही लाज वाटत असेल. काल मी गेले. गुडघाभर चिखलात वाकून बी खोचताना तुला मनातल्या मनात किती बोलले म्हणून सांगू! एकेका बीला एकेक शिवी घातली म्हण ना. आणि एवढा लांब बांध, आम्ही तिघंच, हात पुरेनात, तेव्हा तुझीच आठवण आली.

रविवारी दुपारी ओहोटी आहे. वडखळला उतर, किमया घ्यायला येईल. जुने कपडे आण. वाटेत बायका बोलतील, ते ऐकून घे, उलटून बोलू नकोस. मीही बोलेन. तेही ऐकून घे आणि जेवून जा.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
आत्या