कँडिडेट आणि कंपॅनियन

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

धुळ्याच्या कॉलेजात आज मुलाखत होती आणि वर्गावर शिकवून दाखवायचं होतं. मी दोन इंग्रजी शब्द निवडले होते. कँडिडेट, म्हणजे मुळात पांढरे कपडे घातलेला. जुन्या रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे तसे येत. आणि कंपॅनियन, म्हणजे ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली तो. हे फक्त वंदनाला सांगितलं होतं, स्टाफरूममध्ये, तिच्याच डब्यातली कळण्याची भाकरी मोडताना.

आज तीही तिथे. अर्ज केल्याचं अवाक्षर नाही! तिचा नंबर माझ्याआधी होता. मी फळ्यावर पहिला शब्द लिहिला आणि मुलं हसली. "मॅडम, हे आत्ताच झालं. भाकरीवालासुद्धा झाला."

शब्द काही माझ्या मालकीचे नव्हते. कोशात कुणालाही सापडतात. मग याला चोरी म्हणावं का? पण ती भाकरी...

परतीच्या बसमध्ये शेजारीच येऊन बसली. पारोळा गेल्यावर डबा उघडला. "रागावल्या का अक्का? घ्या ना, तुमच्या आवडीची शे."

मी नको म्हटलं. तिने तरी अर्धी मोडून रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये सारली.

समोर टेबलावर आहे. खाववत नाही, टाकवतही नाही.