दारावरून परतणारी सुई

माहीम (ता. पालघर),
डिसेंबर १९६६

प्रिय महादूदादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला नको ते वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते, बाबा आहेत. पण आपल्या आळीतला नवशा बोईसरला मासळी विकायला आला की तुला "बरा हाय" म्हणून सांगतो ना, ते खोटं आहे. आईनं त्याला तसं पढवून ठेवलंय, आणि तूही मुकाट ऐकून घेतोस. होडी सोडून तू अणुविजेच्या कामावर गेलास. ती वीज यायची तेव्हा येवो, आमच्या कंदिलात अजून रॉकेलच आहे. तारापूर काही विलायतेत नाही रे. पण तुम्हा बापलेकांच्या हट्टापुढे चार गावांची वाटही कुणाला चालवत नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून बाबांना दिवाळीनंतर घरी आणलं. घशातली गाठ आता कापण्यापलीकडे गेली आहे, विजेचा शेकही देऊन झाला, यापुढे त्रास कमी होईल तेवढं बघा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेच बघते आहे. पेज फडक्यातून गाळून चमच्याचमच्यानं घालते, जीभ ओल्या कापसानं पुसते, कुशीवर वळवते, पाठीला जखम होऊ नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची घडी खाली सारते. ज्यांच्या एका आरोळीनं होडीवरचे सगळे गडी कामाला लागायचे, ते आता कुजबुजतात. कळ आली की खाटेची दोरी मुठीत आवळतात. तळव्यांची सालं निघाली आहेत. मला ते बघवत नाही, दादा. मी उठून अंगणात जाते आणि वाळत घातलेले बोंबील उगाच इकडचे तिकडे करत बसते.

त्या कळेवर औषध आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पालघरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि त्यांच्याकडच्या जयवंतीबाई, नर्स आहेत, एसटीनं इथवर येऊन सुई द्यायला तयार आहेत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "माज्या घरात सुई येवाची नाय!" शेजारच्या हंसाची सासू आठवते ना? तिला शेवटी अशीच सुई दिली आणि त्याच दिवशी ती गेली. ती जाणारच होती, पण अख्ख्या आळीनं ते सुईवर ढकललं. आईच्या डोक्यातही तेच बसलंय असं मी धरून चालले. ही सुई जीव घेत नाही, कळ तेवढी उतरवते, थोडी गुंगी येईल एवढंच, असं जयवंतीबाईंनी परोपरीनं समजावलं. आई ढिम्म हलली नाही. दुसऱ्या खेपेलाही त्या आल्या पावली परत गेल्या. मग मी आईला नाही नाही ते बोलले. माझी जीभ तुला माहीत आहे. दोन दिवस आम्ही एका चुलीवर रांधत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो.

काल आई टोपली घेऊन पालघरच्या बाजाराला गेली. मी आधीच निरोप धाडून जयवंतीबाईंना बोलावून ठेवलं होतं. भर दुपारी, चोरासारखं. त्यांनी चुलीवर सुई उकळली, मी बाबांचा दंड उघडा केला. तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. अंगात मूठभर जीव उरलाय, पण पकड अशी की माझी बांगडी पिचली. "नको, नले," म्हणाले. मग एकेक शब्द ओढून काढत, "महादू येल. तवा मी निजलेला नको."

जयवंतीबाईंनी सुई डबीत ठेवली.

संध्याकाळी आईला विचारलं तेव्हा ती टोपली खाली ठेवायचीही विसरली. सुईला ती कधी भ्यालीच नव्हती. बाबांनी तिला शपथ घातली होती, पोरांना यातलं काही कळता कामा नये. महादूला कुणी ओढून आणायचं नाही, तो आपल्या पायानं येईल. तुला मी काय सांगू, गडी पाण्यात असेपर्यंत होडी हाकणारा तांडेल डोळा मिटत नाही. "होडीवर येवाचं नाय तर घरात पन येव नको," असं तीन पावसाळ्यांपूर्वी तुला सुनावणारा हा माणूस तुला अजून आपल्याच होडीचा गडी समजतो. मला त्यांचा राग येतो, तुझा तर फारच येतो, आणि रडूही येतं. मी आईच्या पाया पडले, तर म्हणाली, "पडतंस कशाला? चूल पेटव."

ती शपथ आज मी मोडते आहे, तिला न सांगता. येत्या सोमवारी जयवंतीबाई पुन्हा येणार आहेत. त्याआधी येता आलं तर ये. काय बोलायचं याची जुळवाजुळव करत बसू नकोस; त्यांना काही ऐकायचं नाही, तुला बघायचंय. आणि यायचंच नसेल, दादा, तर मी तुला बोल लावणार नाही. फक्त एका कार्डावर 'मी येत नाही' एवढं तुझ्या हातानं लिहून पाठव. मी ते बाबांना वाचून दाखवीन. म्हणजे ते सुई घेतील.

तुझीच,
नलू