डबल बेल

१९ जानेवारी, शेवगाव

निघालो एकदाचे! भीमराज सातला येतो म्हणाला आणि साडेनऊला उगवला. माझ्या एसटीवर ड्रायव्हर होता तेव्हा मिनिटाचा उशीर केला नाही लेकाच्यानं. रिटायर झाल्यापासून सगळं वसूल करतोय. ट्रंक, गादी, देव, हिचा फोटो – सगळं त्याच्या जुन्या व्हॅनमध्ये कोंबलं. घराला कुलूप घातलं. आता कायमचं राजूर, शुभांगीकडे. लेकीनं घराला लागून वेगळी खोली बांधलीय, नाही तरी कसं म्हणणार?

शेजारी जाऊन बसलो तरी गाडी हलेना. विचारलं, तर म्हणे, बेल दे! खिडकीतून हात काढून टपावर दोनदा ठोकलं. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून पंचवीसेक वर्षं आम्ही एवढ्यावरच निभावलं. तेव्हा कुठे निघाली स्वारी.

२० जानेवारी, पुणतांबा

सरळ गेलो असतो तर कालच दुपारी पोचलो असतो. पण याला नेवाशाच्या स्टँडवरचा चहा हवा, मग श्रीरामपूरला कुणी जुना मेकॅनिक भेटायला हवा, मग पुणतांब्याला चुलत बहीण! मी चिडचिड केली. खोटी. मलाही कुठे घाई आहे?

भीमाबाईनं, म्हणजे त्या बहिणीनं, बाजरीची भाकरी आणि भरीत केलं. दोघंही आडवे होईस्तोवर जेवलो. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "मच्छिंद्रभाऊ, तुमी गेल्यावर आमच्या दादानं संध्याकाळचं कुनाच्या वट्यावर बसायचं?"

भीमराज लगेच गाडी पुसायला बाहेर गेला. पुसायला काही नव्हतं. त्याची बायको जाऊन पाच वर्षं झाली, पोरगा सुरतेला. मी कप विसळायला उठलो.

दुपारी नदीवर. आजही मुक्काम इथेच!

२१ जानेवारी, संगमनेर

आज कमाल झाली. राहात्याजवळ पेरू घ्यायला मी एकटाच उतरलो. पिशवी टपावर ठेवली, घरंगळू नये म्हणून वरून दोन थापा मारल्या – आणि गाडी गेली! मी रस्त्यावर, पेरू टपावर. पेरूवाली बाई पदर तोंडाला लावून हसतेय. 'अरे थांब' म्हणून पळालो थोडा, मग गुडघ्यानं नकार दिला.

बऱ्याच वेळानं आला परत. वर माझ्यावरच तोंडसुख! म्हणे, तू डबल दिलीस, मी गाडी हाणली, शेजारी कोण बसलंय ते बघणं ड्रायव्हरचं काम न्हाई. तीनच पेरू उरले होते. ते खात संगमनेरपर्यंत हसत आलो. इतकं कधी हसलो होतो आठवत नाही.

लॉजवर पडल्या पडल्या एकदम आठवलं. उद्या राजूर.

२२ जानेवारी, राजूर

पोचलो. संस्कृती, माझी नात, गळ्यातच पडली. जावई रामरावांनी सामान उतरवलं. खोली छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. थंडी मात्र मरणाची.

भीमराजनं खोलीची तपासणी केली. नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली, खिडकीशी उभा राहिला. म्हणाला, "एकट्याला मोठी हाय."

मग राहा की इथेच – एवढंच म्हणायचं होतं मला. जिभेवर आलं आणि मी विचारलं काय, तर डिझेल पुरेल का! गाडी पेट्रोलची आहे. मूर्ख मी.

शुभांगीनं त्याला राहण्याचा आग्रह केला. तो नको म्हणाला, सकाळीच निघतो. नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, मी म्हटलं तर ते पाहुण्यासारखे दोन दिवस राहतील. तुम्ही म्हणा."

मला नाही जमत. त्याच्याशिवाय करमणार नाही, हे इथे लिहिता येतं. तोंडानं नाही.

२३ जानेवारी

चहा झाला. नमस्कार, जयभीम, सगळं झालं. भीमराजनं इंजिन चालू केलं. गाडी हलेना.

समोरच बघत म्हणाला, "बेल दे की, मच्छिंद्रा."

मी टपावर हात ठेवला. ठोकलं. एकदाच.

त्यानं इंजिन बंद केलं.