डोक्याचा फोटो आणि तिसरा गिअर

९ जानेवारी, गुरुवार
आज गाडीची शिकवणी चालू असताना माझा उजवा हात गेला. मांडीवर पडलेला दिसत होता, पण हलेना. बडा गणपतीच्या चौकाजवळ. स्टीअरिंगवर सरिताजी. वय पंचावन्न, शिकवणीचा सातवा दिवस, दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेल्या नाहीत. 'बाजूला घ्या' म्हणायला गेले तर जीभ जड. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "मैडमजी, आप बस बैठे रहो." आणि टाकला तिसरा! थेट हॉस्पिटल. वाटेत दोन रिक्षावाल्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.
पोचेपर्यंत हात परत ठीक. जेमतेम दहा मिनिटं. गाडी मात्र दोन जागा अडवून तिरकी लावली. आज काही बोलले नाही.

१० जाने.
डॉक्टर मॅडमना जुनी फाइल दाखवली. थॅलेसेमिया, मधला प्रकार. रक्त कमी बनतं, पण सारखं चढवावं लागत नाही. हिमोग्लोबिन साडेसात-आठ. 'एवढ्यावर सदतीस वर्षं मस्त काढली,' मी ऐटीत. त्या हसल्या नाहीत. "मेंदूचा फोटो कधी काढलाय?" अशा रक्तात गाठी होऊ शकतात म्हणे, नसा अरुंद होतात. सोमवारी एमआरआय. तोवर गाडी बंद.
आणि त्यानंतर? विचारायचं धाडस नाही झालं.

१३ जाने.
एमआरआय. पिना, बांगड्या, मंगळसूत्र सगळं नंदूच्या हातात. धाकटा भाऊ, बँकेत मॅनेजर, आणि त्यालाही हाच आजार. आईबाबांनी दोघांना सारखं वाटलं! मशीन आधी ठकठक, मग घर्रर्र. क्लच प्लेट गेलेली असावी. बाहेर आल्यावर नंदू, "ताई, काय होतं ग आत?"
"तू जाऊन बघ की."
"मला काय झालंय यार!"

१६ जाने.
रिपोर्ट. मेंदूत तीन पांढरे ठिपके, रक्त न पोचलेल्या जागा. जुने. कधी झाले, मला पत्ताच नाही. आणि डाव्या बाजूची एक नस एका जागी बारीक. मी विचारलं, "सियागंज बाजारात दुपारी ट्रक आडवा उभा राहतो, तसं?" मॅडम पहिल्यांदा हसल्या. "तसंच. पण रस्ता चालू आहे."
दर तीन आठवड्यांनी रक्त, रोज एक बारकी गोळी, सहा महिन्यांनी परत फोटो. तीन महिने स्टीअरिंग नाही, शेजारी बसून शिकवणंही नाही. नंदूनेही फोटो काढावा, असं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, बँकेत ऑडिट आहे.
घरी येऊन थोडी रडले. मग भूक लागली.

६ फेब्रु.
रक्त, दुसरी खेप. सरिताजी लायसन्सची टेस्ट पास!! आता त्याच मला नेतात-आणतात. नको म्हटलं तर, "गुरु को कोई रिक्शे में भेजता है क्या?" बाटली संपेपर्यंत नर्सताईंना कागदावर क्लच-ब्रेक काढून शिकवलं. त्यांची शिकवणी पक्की.

२८ फेब्रु.
हिमोग्लोबिन दहा. घरचे तीन मजले न थांबता चढले. वर जाऊन उभी राहिले, नुसती. मला आजवर वाटायचं, दुसऱ्या मजल्यावर सगळेच थांबतात.

२० एप्रिल
डॉक्टर मॅडमची परवानगी! स्वतः गाडी चालवायची, शिकवणं अजून नाही. विजय नगरपर्यंत जाऊन आले. शेजारी सरिताजी. "इंडिकेटर, मैडमजी." चक्क मला! आणि खरंच राहिला होता.

१७ जुलै
सकाळी दुसरा फोटो. रिपोर्ट शनिवारी. नस मोकळी झाली की नाही, तेव्हा कळेल. शिकवणं परत सुरू होणार की नाही, तेही. खोटं कशाला, भीती आहे. पण जानेवारीएवढी मोठी नाही.
नंदू सुट्टी काढून आला होता. बाहेर बाकावर बसलो होतो. बराच वेळ फोन बघत होता, मग एकदम, "ताई, ते ठिपके... दुखतात का ग?"
"नाही रे. म्हणूनच तर फोटो काढायचा."
फोन खिशात ठेवला. उठला. वाटलं, चहाला गेला. परत आला तो काउंटरवरून एमआरआयचा फॉर्म घेऊन. माझ्याच पर्समधून पेन काढलं, स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं, वजन दोन किलो कमी लिहिलं. तपासणीच्या तारखेच्या रकान्यापाशी थांबला.
मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.