शैलजाचं चारित्र्य

निशी-कसाई
टोकियो, ७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून चकित होशील. योकोहामा काही लांब नाही, फोनही आहे. पण फोनवर तू मला मध्येच शांत करतोस, आणि या वेळी मला शांत व्हायचं नाही.

परवा मंडळाच्या कोजागिरीला तू राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या तुझ्या त्या इंग्रजावर बोललास. गावच्या शाळेच्या कपाटात तुला त्याचं मराठीत केलेलं पुस्तक सापडलं, कव्हर नाही, लेखकाच्या नावाचं पानही फाटलेलं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. माणूस कुळाने नाही, रोजच्या कामाने घडतो. हृदय विचार करून मऊ होत नाही, कुणासाठी तरी हात चालवून होतं. छान. तिथेच थांबायचं होतंस. पण तुला उदाहरण हवं होतं. माइकवरून सांगितलंस, की माझी धाकटी बहीण बघा, वृद्धनिवासात म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते, तिचं चारित्र्य खऱ्या अर्थाने जपानला आल्यावर घडलं.

मागे मंडळातला क्षितिज फिसकन हसला. मग त्याची बायको, मग सगळा हॉल. विनोद जमला असं वाटून तूही हसलास. मी मसाला दुधाचा पेला धरून तिथेच बसले होते.

कुणीतरी तेवढाच तुकडा ग्रुपवर टाकला. आज पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, की मग जपानला यायच्या आधी काय होतं.

आईचा फोन आल्यापासून उदय म्हणतोय नोकरी सोड. जानेवारीत या कामाच्या परवान्याची माझी परीक्षा आहे. पार्टटाइम म्हणून सुरुवात करून, जपानी शिकून मी इथवर आले, हे तुला ठाऊक आहे. आता ती परीक्षा तुझ्या एका शब्दावर अडकली आहे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

तुझी,
शैलजा

*

योकोहामा
१० ऑक्टोबर

चि. सौ. शैलजा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून संताप झाला. सकाळी देवापुढे बसलो, पण मन लागेना, तसाच उठलो.

मी काय वाईट बोललो? त्या पुस्तकात पानोपानी चारित्र्य हाच शब्द आहे. ज्याने कुणी त्याचं मराठी केलं, त्याने विचार करूनच तो घातला असणार. पुरुषाला चारित्र्य आहे म्हटलं की तो शब्दाला जागणारा, लाच न खाणारा. बाईचं चारित्र्य म्हटलं की लोकांना एकच गोष्ट सुचते. ही घाण शब्दात नाही, हसणाऱ्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्यासाठी मी चांगला शब्द का टाकून देऊ? मी कौतुक केलं, आणि तू मलाच आरोपी केलंस. मोठ्या भावाला असं पत्र लिहिताना तुझा हात अडला नाही?

परतताना तोझाई लाइनच्या मेट्रोत आमच्या नुपूरने जपानीत विचारलं, की आत्याचं नाव घेतल्यावर सगळे का हसले. मी विषय बदलून तिला पुढचं स्टेशन कोणतं ते बघायला सांगितलं. त्याचाही राग आहे, कुणावर ते कळत नाही.

उदयरावांना थोडं सबुरीने घ्यायला सांग. भाऊबीजेला येतोच. तुझ्या हातच्या करंज्या चुकवणार नाही.

राग धर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मोहनदादा

*

निशी-कसाई
१४ ऑक्टोबर

दादा,

सा. न. वि. वि. या वेळी नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तू उदयला फोन केला होतास, हे मला काल भांडणात कळलं. तू त्याला म्हणालास, की तिला थोडे दिवस घरी बसवा, लोक विसरतील, परीक्षा काय पुढच्या वर्षीही असते. हे करून वर चार दिवसांनी मला पत्रात शब्दाची थोरवी सांगितलीस! हसणारे घाणेरडे, शब्द स्वच्छ, आणि घरी बसायचं मी. तुला शब्द सोडवत नाही, माझी नोकरी मात्र चटकन सोडवली.

आणि तुझा इंग्रज अर्धंच सांगतो. काम केल्याने माझं हृदय मऊ वगैरे झालं नाही. पहिलं वर्ष मला किळस यायची, ती लपवण्यातच दिवस जायचा. घरी आल्यावर जेवण जायचं नाही. आधी हात तयार झाले. पाठीखाली कुठे धरायचं, पाणी आधी कुठे ओतायचं. मन फार मागून आलं, अजूनही काही दिवस येत नाही. हात मात्र चुकत नाहीत.

आमच्या वृद्धनिवासात योशिदा-सान म्हणून एक आजी आहेत. मुलाचं नाव विसरल्या. टॉवेल दिला की काठाला काठ लावून घडी घालतात, कोपरा जरा पुढे गेला तर पुन्हा उलगडतात. सगळं गेल्यावर एवढं उरलंय. तुझा इंग्रज बहुतेक याबद्दलच बोलत असणार. पण याला चारित्र्य म्हणत नाहीत रे. आपले गुरुजी पाटीवर अक्षर गिरवायला लावून म्हणायचे, हाताला वळण लागू दे. हे ते वळण. तू माझ्या पुढच्याच वर्गात बसायचास. तुला पुस्तक आठवलं, पाटी आठवली नाही.

भाऊबीजेला येऊ नकोस.

शैलजा

*

योकोहामा
१७ ऑक्टोबर

श्री. उदयराव यांस,
स. न. वि. वि.

फोनवर मी तुम्हाला जे सुचवलं ते मागे घेतो. ते सांगताना मला शैलजाची नव्हे, माझ्याच नावाची काळजी होती. माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला आणि शिक्षा तिला, हे मला चाललं, याची चीड आहे.

पण तुमचीही चीड आहे. मागे तुमच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांना पुसणाऱ्या बाईंना तुम्ही देवमाणूस म्हणत होता. तेच काम तुमची बायको करते तर कोथरूडपर्यंत लाज कशी पोचते? क्षितिज हसला तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारीच होता. त्याला गप्प बसायला सांगितलं नाहीत. मीही नाही.

शैलजा परीक्षा देईल. ही विनंती समजू नका.

मंडळाच्या ग्रुपवर खुलासा टाकला आहे, की मला वळण म्हणायचं होतं.

स्नेह ठेवा, ठेववला तर.

आपला,
मोहन

*

निशी-कसाई
१९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उदयला आलेलं तुझं पत्र वाचलं.  संध्याकाळी त्याने सासूबाईंना फोन लावून त्या आजारपणातल्या बाईंचं नाव काय होतं ते विचारलं. आईला आठवलं नाही, त्यालाही नाही. 

परीक्षा देणार हे मी त्याला तुझं पत्र यायच्या आधीच सांगितलं होतं. शैलजा देईल असं तू परस्पर लिहून टाकलंस, तेही मला आवडलेलं नाही. आणि ग्रुपवरच्या खुलाशात वळण आहे ते ठीक, पण खाली पुन्हा माझंच उदाहरण! पुढच्या वेळी स्वतःचं दे.

नसेल तर सोय करते. कामाची थोरवी सांगत तू इतकी वर्षं आमच्याकडे जेवलास, एकदाही ताट उचलून ठेवलं नाहीस. मेधावहिनी उठतात, नुपूर उठते, तू बोलत बसतोस. तेव्हा भाऊबीजेला ये. आधी सगळ्यांची भांडी घासायची, कढईसकट. कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचा, चुकलास तर पुन्हा उपसायचा. मग पाटावर बस. निरांजन तयार ठेवते.

मन लागलं नाही तरी चालेल. हात चालू दे. स्टेशनजवळच्या कोंबिनीच्या दुकानातून स्पंज घेऊन ये, आमचा झिजलाय.

लोभ आहेच. राग जाईपर्यंत त्याला थांबायला सांगितलं आहे.

तुझी,
शैलजा