तिसऱ्या दिवशीचं पाणी

१२ डिसेंबर, बदनापूर

दादा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, माफ करा. आज तुमची लेक लिहिते आहे ती रागानं, हेही आधीच सांगते. परवा माझ्या उजव्या डोळ्यातलं भिंग काढलं. लहानपणी विटी लागलेला तोच डोळा. मोतीबिंदू काढून त्यात भिंग बसवलं त्याला आठ वर्षं झाली. अलीकडे त्यातून सगळं तांदळाच्या धुवणातून पाहिल्यासारखं दिसायचं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी ते आतच कापून दोन तुकड्यांत बाहेर काढलं, नवं बसवलं, आणि जुने तुकडे बाटलीत घालून मला दाखवले. पांढुरके, कापलेल्या नखांसारखे. "नळाच्या तोटीवर क्षार चढतो ना, तसा भिंगावरच चढला होता. क्वचित होतं. तुमची काही चूक नाही." तुमचा डोळा आठवून मी विचारलं, ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं तर दोन वर्षांनी असं होतं का? त्या म्हणाल्या, "पाण्यानं डोळा बिघडला तर आठवड्यातच लाल होतो, ठणकतो. दोन वर्षांनी भिंग पांढरं होत नाही."

तुमचंही मोतीबिंदू काढून बसवलेलं भिंग दोन वर्षांनी धुरकटलं होतं, दादा. भिंगामागे जाळी आली असं समजून लेसर मारला, फरक पडला नाही, पुढे कुणी पाहिलंच नाही. बियाण्यांच्या गोदामात हरभऱ्याच्या ढिगातून किडका दाणा अचूक उचलणारे तुम्ही घरी बसलात. ते दुःख मला कळतं. पण त्याची शिक्षा तुम्ही आईला दिलीत. पाहुणे आले की सुरू: "चहा प्या हिच्या हातचा, बिनधास्त. डोळा तेवढा देऊ नका. माझा धुऊन टाकला हिनं!" लोक हसायचे. आईही हसायची आणि कपबश्या उचलून आत जायची. सहा वर्षं. तुम्ही गेलात त्या दिवशीही ती बायकांना सांगत होती, "माझ्यामुळं गेला वं त्यांचा डोळा."

तुमचं भिंग कुणी काढून पाहिलं नाही, तेव्हा तेच झालं होतं अशी शपथ मी घेणार नाही. पण पाण्यानं झालं नव्हतं, एवढं नक्की.

आता ती माझ्या डोळ्यात थेंब टाकते. साबणानं दोनदा हात धुते. आज सकाळी बाटली हातात घेऊन नुसतीच उभी राहिली, मग मला म्हणाली, "माय, शेजारच्या पोरीला बोलावू का?"

"का? तूच टाक."

"न्हाई, माझा हात बराबर न्हाई. दादांचं काय झालं, माहीत न्हाई का तुला?"

मला तुमचा संताप आला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. त्या तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. "डोकं लई खाजून राह्यलं, घाल दोन तांबे," असं तुम्हीच म्हणालात. ती नको म्हणत होती. "डॉक्टर झाली का तू?" असं खेकसलात, तेव्हा तिनं पाणी घातलं. मी सगळं ऐकलं. पुढे पाहुण्यांसमोर तुम्ही तिला टोचत राहिलात आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. उलट तुमच्याबरोबर हसले, कारण घरातली शहाणी तुम्ही मला म्हणायचात.

उद्या: सकाळच्या थेंबांआधी आईला समोर बसवून सगळं सांगणे, मी हसले होते तेही.