समोरची तिरकी जागा

देवरूख, शनिवार

प्रिय गंगारामदादा,

तुम्हाला आणि कमलावहिनींना जयभीम. तुमच्या गुडघ्यांना मात्र नाही, कारण त्यांच्यापायीच तुम्ही शिट्टी ठेवलीत आणि मुंबईला मुलीकडे गेलात. आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. (हे रीत म्हणून लिहिलं आहे.)

रविवारी देवरूख आणि चिपळूणच्या मुलींचा बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. माझ्या जोडीला नवा पंच ओमकार. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, पण ते अजून पायांत उतरलेलं नाही. तुमची शिकवण अशी, की एकाने बास्केटखाली, दुसऱ्याने समोर तिरकं, मधल्या रेषेजवळ. एकाने चेंडू बघायचा, दुसऱ्याने उरलेल्या मुलींची कोपरं. आम्ही दोघंही चेंडूच बघत होतो. चिपळूणच्या मुलींच्या कोच दमयंतीबाई बाकावरून म्हणाल्या, "चेंडू काय पळून जातोय? दोघं कशाला राखत बसलाय?" मग मी तुमचा उपाय केला. बाईंच्या समोर न जाता शेजारी उभा राहिलो, तोंड मैदानाकडे, हात मागे, आणि हळूच म्हणालो, तुमचं म्हणणं ऐकलं. (अठरा वर्षं हे वाक्य तुमच्याकडे होतं.) बाई म्हणाल्या, "गंगारामसर म्हणायचे तेव्हा ऐकल्यासारखं वाटायचं."

शेवटच्या क्षणी सवयीने घात केला. आमच्या देवरूखची राही चेंडू हिसकावून पलीकडे पळाली. पलीकडचं टोक तुमचं, असं माझे पाय अजून धरून चालतात, म्हणून मी हललोच नाही. ओमकार माझ्याच शेजारी. चेंडू बास्केटमध्ये पडला, भोंगा वाजला, पण राहीच्या हातून तो भोंग्याआधी सुटला की नंतर, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. आणि दादा, मी काय केलं असेल? जाऊन दमयंतीबाईंनाच विचारलं. (पंचाने कोचला विचारावं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.) बाईंनी आपल्या मुलींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी." राहीचे दोन गुण धरले आणि त्या एका गुणाने हरल्या. मुली रडत होत्या आणि बाई पाण्याच्या बाटल्या गोळा करत होत्या. तेव्हा तुमची फार आठवण आली. मान वर केली की तुम्ही तिरके समोर दिसायचात आणि उरलेल्या अर्ध्या मैदानाची मला काळजी नसायची.

तुमचा,
सुहास

ता. क. ओमकार शिकेल हळूहळू. तुमच्यावाचून इथे काही अडलेलं नाही.

आणखी एक ता. क. पुढच्या महिन्यात चिपळूणला सामने आहेत. दुसरे पंच कोण, असं दमयंतीबाईंनी विचारलं आणि मी तुमचं नाव सांगून बसलो आहे. दोन्ही टोकांचं धावणं माझ्याकडे. तुम्ही मधल्या रेषेजवळ खुर्ची टाकून बसा, शिट्टीसुद्धा आणू नका. मान वर केली की दिसलात म्हणजे झालं.